विहिरीवरचं कडं

गहिनीनाथ अण्णा कुणाच्या घरी गेले की आधी दाराची चौकट मोजायचे. सदऱ्याच्या खिशात स्टीलचा टेप कायम असायचा. चहा येईपर्यंत खिडकी, खाट, देवळी, असलीच तर घरातल्या म्हातारीची काठीसुद्धा मोजून व्हायची. "काठी आखूड हाय. म्हणून म्हातारी जास्तीच वाकायली," असं निदान करायचे आणि पुढच्या खेपेला खरंच बाभळीची नवी काठी तासून आणायचे. कुणी "लई लांब", "लई मोठं" असं बोललं की त्यांना सहन व्हायचं नाही. "मापात बोला," म्हणायचे. एकदा आमच्या सरपंचांनी भाषणात अथांग विकास म्हटलं तेव्हाही मागून अण्णांचा आवाज आला, "साहेब, मापात बोला." लोक हसले, सरपंचही हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तेव्हा नांदूरघाटजवळच्या आमच्या वाडीत दूध सोसायटीचा सचिव होतो. दुष्काळाचं ते पहिलं वर्ष. जनावरं चारा छावणीत गेलेली, सोसायटीत दूध येईना, आणि मी रिकाम्या कॅन मांडून रिकामा बसलेलो. अण्णा एका कंत्राटदाराचा पाण्याचा टँकर चालवायचे. त्याआधी उमेदीची सगळी वर्षं त्यांनी साखर कारखान्यावर उसाचे ट्रक हाकले होते. बायको गेलेली, मुलगी लातूरकडं दिलेली. टँकर विहिरीत रिकामा होईपर्यंत ते माझ्याकडं येऊन बसायचे, म्हणून आमची ओळख. मला ते नावानं कधी हाक मारत नसत. "सचिव" म्हणायचे. माझ्या बायकोला "सचिवीणबाई". चहा घ्यायचे, पाणी घ्यायचे नाहीत. ज्या गावाला आपण पाणी आणून टाकतो तिथलं पाणी प्यायचं म्हणजे वाढप्यानंच आधी जेवून घेतल्यासारखं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा हॉर्न पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. वेशीबाहेरच्या लिंबापासून ते हॉर्नवर हात ठेवायचे तो विहिरीपाशी आल्यावरच काढायचे. तो आवाज आला की बाया हातातलं पीठ तसंच ठेवून घागरी, दोर, पोहरे घेऊन धावायच्या. आमच्या विहिरीचा कठडा एका बाजूनं कधीचाच ढासळलेला. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक बैठकीत तो विषय निघायचा आणि चहा आला की मागं पडायचा. टँकरचं पाणी विहिरीत पडलं की बाया त्या ढासळलेल्या कडेवर उभ्या राहून, निम्म्या आत वाकून, पोहरे सोडायच्या. एकीचा दोर दुसरीच्या दोरात, एकीचं कोपर दुसरीच्या बरगडीत. आम्ही पुरुष लांब पारावर बसून हे रोज बघत होतो.

त्या दिवशी टँकर उशिरा आला. मधे एक दिवस आलाच नव्हता, त्यामुळं गर्दी फार. अण्णांना अजून दोन गावं करायची होती. एरवी ते बायांना मागं सारून पाइप विहिरीत सोडायचे आणि कॉक हळूहळू उघडायचे. त्या दिवशी त्यांनी कॉक एका झटक्यात पुरता उघडला. पाइपानं उसळी घेतली. जाड रबरी पाइप, आत पाण्याचा जोर. तो असा उडाला की पुढच्या बाया किंचाळून मागं सरल्या. मागच्यांचा रेटा पुढं होताच. त्या दोन्हींच्या मधे कडेवर मुक्ता होती.

मुक्ता म्हणजे महादेवची बायको. तिशीतली, ठेंगणी, जिभेची तिखट. दरवर्षी दिवाळीनंतर नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. आमच्याकडं ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. एक कोयता म्हणजे दोघं. मुक्ता विहिरीत पडली तेव्हा आत पाणी गुडघाभर होतं. तिचा खुबा खालच्या दगडावर आपटला.

तिला खाटेवर घालून वर काढलं आणि जीपमधून अंबाजोगाईला नेलं. जीपमागं अण्णा टँकर तसाच सोडून पळत होते. थोड्या अंतरावर थांबले. परत आले आणि आमच्यासमोर उभे राहिले. त्यांना वाटत असावं की आता कुणीतरी आपल्याला मारणार. कुणी हात उचलला नाही. उलट एक म्हातारी म्हणाली, "तुजा काय दोष न्हाई रे बाबा. तू उद्या येशील ना?"

तेव्हाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लोकांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पाणी आणणाऱ्याला कोण शिव्या घालणार? तो उद्या नाही आला तर?

मुक्ताच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आली ती कुबडी घेऊनच. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. म्हणजे ऊसतोड संपली. त्या दिवाळीनंतर महादेव एकटाच गेला, अर्धा कोयता म्हणून. गाडीत बसताना त्यानं मागं वळून बघितलं नाही असं बाया सांगत होत्या.

अण्णा दर आठवड्याला मुक्ताच्या घरी जायचे. हातात केळी. दारातच बसायचे. तिची सासू केळी आत नेऊन ठेवायची. मुक्ता भिंतीला टेकून शेंगा फोडत असायची, नाहीतर पोराची चड्डी शिवत. बोलायची नाही. अण्णा थोडा वेळ बसायचे, मग चौकट मोजायचे. आधीच मोजलेली तीच चौकट. आणि उठायचे.

याच दिवसांत त्यांनी हॉर्न वाजवणं बंद केलं. टँकर चोरपावलांनी गावात यायचा. अण्णा खाली उतरून एकेकीला हातानं मागं सारायचे, पाइप स्वतः दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, आणि कॉक उघडायला क्लीनरला सांगायचे. पण झालं असं की हॉर्न नाही म्हणून रानातल्या, वस्तीवरच्या बायांना टँकर आल्याचं कळेचना. त्या येईपर्यंत विहिरीत चिखल उरायचा. वस्तीवरची एक बाई सोसायटीच्या दारात येऊन त्यांना फाडफाड बोलली, "हॉर्नला काय झालं? आमच्या वाटचं पाणी काय बाकीच्यांना द्यायलाव का?" अण्णा मान खाली घालून ऐकत राहिले. ती गेल्यावर मला म्हणाले, "सचिव, हॉर्न वाजवला तरी पाप, न्हाई वाजवला तरी पाप. मी करू काय?"

मी आणखी चहा मागवला.

कड्याची कल्पना त्यातूनच निघाली. एक दिवस बघतो तर अण्णा टँकरच्या धुळकट अंगावर बोटानं चित्र काढताहेत. मोठा गोल, गोलाला पाय, गोलावर बारकी बारकी चाकं. मला हाताला धरून नेलं. "ही विहीर. तिच्या तोंडाभवती लोखंडी पाइपचं कडं. कमरेएवढं उंच. बाई कड्याच्या भाईर उभी राहील. चाक कड्यावर, दोर चाकावर. वाकायचं कामच न्हाई. ढकललं तरी कडं आडवं येतंय." मग पुढं सरकून दुसरं चित्र काढलं. "आणि हे अखंड न्हाई. ह्याच्या पाकळ्या. नटबोल्टानं जोडायच्या. विहीर बारकी असली तर पाकळ्या कमी, मोठी असली तर जास्ती. पाऊस झाला का काढून ठेवा. दुसऱ्या गावाला लागलं तर टेम्पोत घालून न्या."

मी म्हणालो, "अण्णा, हे फार मोठं काम आहे."

"मापात बोला," ते म्हणाले. पण डोळे चमकत होते. मुक्ता विहिरीत पडल्यापासून मी त्यांना असं पहिल्यांदाच बघत होतो. पाणी सोडताना टँकरच्या अंगावर ओघळ आला आणि चित्र पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला नवं चित्र. पुढं पुढं ज्या गावाला टँकर जाई तिथली पोरं धुळीतलं ते कडं बघायला गोळा व्हायची.

चित्र काढणं सोपं होतं. बनवणार कोण? अण्णांना वेल्डिंग येत नव्हतं, हात थोडा थरथरायचा. त्यांना साथीदार हवा होता, आणि साथीदार शोधायला मला बरोबर घ्यायचे, कारण त्यांच्या मते सचिव बरोबर असला की माणसं खुर्ची देतात.

आधी आम्ही त्यांच्या जुन्या साखर कारखान्याच्या एका संचालकांकडं गेलो. सहकारी कारखाना, आत मोठं वर्कशॉप, आणि दुष्काळात ऊस नाही म्हणून फिटर मोकळे बसलेले. संचालकांनी अण्णांचं सगळं ऐकून घेतलं, खुर्ची दिली, वर लिंबू सरबत दिलं. मग विचारलं, "कड्यावर बोर्ड बसंल का?"

"कसला बोर्ड?"

"आमच्या फोटोचा. चारी बाजूंनी दिसला पायजे. बाया पाणी शेंदतानी समोर दिसला पायजे."

अण्णांनी खिशातून टेप काढला, हवेतच बोर्डाचं माप घेतलं आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "न्हाई बसणार. बोर्डाला वारा लागतोय. वावटळ आली तर तुमी कड्यासकट विहिरीत जाताल."

शेजारी बसलेले संचालकांचे भाऊबंद तोंडात रुमाल कोंबून बाहेर गेले. आम्हीही गेलो.

मग माजलगाव. तिथं देशमाने नावाचे एक गृहस्थ उसाच्या ट्रॉल्या बनवायचे. शेडमध्ये पाइप वाकवायचं यंत्र होतं, कामगार होते. माणूस साधा आणि हिशेबी. त्यांनी अण्णांचं चित्र बघितलं, फरशीवर खडूनं स्वतः काढलं, दोन ठिकाणी सुधारलं. अण्णा खूश. इतक्या महिन्यांत त्यांच्याशी कुणी बरोबरीनं असं बोललंच नव्हतं. देशमाने म्हणाले, "काम होईल. पण अण्णा, विकायचं कुणाला? ग्रामपंचायत म्हणणार वरून मंजुरी आणा. वरचे म्हणणार, गरज काय? लोकांना पटवावं लागंल. आपण पहिलं कडं तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात उभं करू. आणि ज्या बाई विहिरीत पडल्या त्यांना शेजारी बसवू. कुबडी घेऊन. त्यांना नुसतं बघितलं तरी लोकांना पटंल. मग मी माल घालतो, मेहनत घालतो. अर्धी भागीदारी."

देशमाने वाईट माणूस नव्हते, हे मी आजही सांगेन. त्यांना धंद्याचं जे कळत होतं ते त्यांनी सांगितलं. आणि अण्णा हो म्हणाले. तिथल्या तिथं, हातात हात देऊन. परतीच्या एसटीत ते शीळ घालत होते. देशमानेंनी पातळ सळईचं एक हातभर कडं नमुना म्हणून वळून दिलं होतं, ते मांडीवर घेऊन बसले होते.

थेट मुक्ताच्या दारात गेलो. अण्णांनी आज केळी आणली नव्हती. नमुना पुढं ठेवला, सगळं सांगितलं, आणि प्रदर्शनाचंही सांगितलं. त्यांना वाटलं असावं की ती खूश होईल.

मुक्ता तोपर्यंत शेंगा फोडत होती. हात थांबले.

"म्हंजी मी तिथं कुबडी घेऊन बसायचं."

"नुसतं बसायचं. बोलायचं काय न्हाई."

"आणि लोकांनी माजा पाय बघायचा."

अण्णांनी नमुन्यावरचा हात काढून घेतला.

"अण्णा, तुमी दर आठवड्याला कावून येता वो इथं?"

"मी... म्हणलं, बघून यावं."

"मला बघाय न्हाई येत तुमी. तुमचं मन खातंय म्हणून येता. केळी ठिवता, चौकट मोजता, जरा हलकं वाटलं का जाता. तुमचं हलकं व्हतंय, माजं काय व्हतंय? तुमी आलाव का मला परत त्या विहिरीत पडल्यागत व्हतंय." तिचा आवाज चढला नव्हता. "आता तर पाय घेऊन बाजारातच बसवाय निघालाव."

सासू मधे पडायला आली. मुक्तानं तिला हातानंच थांबवलं. अण्णा उठले. नमुना तिथंच राहिला. दारातून बाहेर पडताना त्यांचं डोकं चौकटीला लागलं. इतक्या वेळा मोजलेली ती चौकट.

त्यानंतर अण्णा वाडीत टँकर आणायचे, पाइप धरून उभे राहायचे, पाणी संपलं की निघून जायचे. माझ्याकडं येईनात. देशमानेंना त्यांनी फोनवरून नकार कळवला. कारण सांगितलं नाही. टँकरच्या अंगावरची धूळ आता कोरी असायची. मी एकदा त्यांना रस्त्यात गाठलं तर म्हणाले, "ती बरोबर बोलली, सचिव. मापात बोलली." आणि क्लच सोडला.

उन्हाळा परत आला. दुष्काळाचं दुसरं वर्ष पहिल्याहून वाईट. एक दिवस मुक्ताची सासू सोसायटीत आली. म्हणाली, "मुक्ता बोलवायली. तुमाला बी आणि त्या टँकरवाल्याला बी."

अण्णा यायला तयार नव्हते. मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. मुक्ता ओट्यावर बसली होती, आणि तिच्यापुढं तो सळईचा नमुना. शेजारी चार-पाच बाया, तिच्या बचत गटातल्या. त्यांनी त्या नमुन्याला सुतळीचे दोर बांधून, बाटलीची झाकणं पोहऱ्यासारखी सोडून बघितली होती. नमुना एका पातेल्यावर उभा केला होता. महिनाभर तो घरात पडून होता, आधी पोरांचं खेळणं होता, मग एक दिवस मुक्तानं तो पोरांकडून काढून घेतला, असं नंतर कळलं.

"बसा," ती म्हणाली. अण्णा उभेच राहिले.

"चाकं कमी हायत," ती म्हणाली. "एवढ्या चाकांत भांडणं लागतील. आणि हे जे कमरेएवढं म्हणायलाव ते कुणाच्या कमरेएवढं? तुमच्या का माज्या?"

अण्णांचा हात आपोआप खिशाकडं गेला. बाया हसल्या. तेही ओशाळून हसले आणि टेप काढून एकेकीच्या उंचीचा अंदाज घेऊ लागले. मला वाटलं, चला, सुटलं. पण मुक्तानं नमुना हातात घेतला, फिरवला, आणि विचारलं,

"टँकरचा पाइप बांधायला जागा कुठंय?"

मी नमुन्याकडं बघत राहिलो. अण्णांनी त्या कड्यात सगळं घातलं होतं. चाकं, पाय, पाकळ्या, घागर टेकवायला पट्टी, चप्पल घसरू नये म्हणून खाली जाळी. पाइपासाठी काही नव्हतं. इतके महिने धुळीत काढलेल्या एकाही चित्रात नव्हतं. कडं होतं ते वाकणाऱ्या, ढकलणाऱ्या, घाई करणाऱ्या बायांपासून बायांना वाचवणारं.

अण्णा ओट्याच्या कडेवर बसले.

"पाइप उडाला," ते म्हणाले.

"मला म्हाईत हाय."

"कॉक मी उघडला. पुरा. मला घाई होती."

"ते बी म्हाईत हाय. मी तिथंच व्हते ना." मग म्हणाली, "ह्ये मनात धरून मला लई खिजवलंत तुमी. एकदा तोंडानं बोलला असता तर केळी कमी लागली असती."

अण्णा रडले. मोठा माणूस रडतो तसं, आवाज न करता, नाक पुसत. मुक्तानं त्यांना रडू दिलं. सांत्वन केलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाली नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतरही मी कधी ऐकलं नाही. तिनं नमुना त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोटानं जागा दाखवली. "इथं कडी पायजे. मोठी, स्क्रूची. पाइप तिच्यात आवळला का मगच कॉक उघडायचा. पाइप न्हाई बांधला तर पाणी सोडायचं न्हाई, ह्ये कड्यावरच लिवा."

मग ती म्हणाली, "आमचा गट करतोय हे. तुमी भागीदार व्हा. पर एक सांगते, केळी घेऊन याल तर दारात उभं करणार न्हाई. कामाला या."

कड्याचे पाइप वाकवून घ्यायला अण्णांना पुन्हा देशमानेंच्या पायरीवर जावं लागलं. मी बरोबर होतो. या वेळी अण्णांनी मागचं नाही म्हणण्याचं कारण सांगितलं. देशमानेंनी हातातली पट्टी खाली ठेवली. "माझ्या ते ध्यानातच आलं न्हाई," म्हणाले. पाइप वाकवून द्यायला ते तयार झाले, शिवाय त्यांच्याकडं पडून असलेलं एक जुनं वेल्डिंग मशीनही वापरायला दिलं. दूध सोसायटीची खोली रिकामी होतीच. चेअरमनांनी किल्ली दिली. ज्या खोलीत दुधाचा वास असायचा तिथं आता जळक्या लोखंडाचा वास येऊ लागला.

वेल्डिंग कोण करणार, यावर बायांची मोठी चर्चा झाली. सगळ्या म्हणत होत्या, नांदूरघाटचा माणूस आणू. मुक्ता म्हणाली, "बसून करायचं काम हाय ना? मग मी करते." देशमानेंचा एक कारागीर येऊन शिकवून गेला. सुरुवातीला तिच्या जोडाला गाठी यायच्या, अण्णा टेप आणि बोट घेऊन प्रत्येक जोड तपासायचे, नापास करायचे, आणि ती शिव्या द्यायची. "डोळे गेले का वो तुमचे? कुठं हाय वाकडं?" "इथं." "ते जोडाचं न्हाई, तुमच्या नजरेचं." भांडणं इतकी चालायची की बाहेरच्याला वाटावं हे आता कायमचे तुटणार. संध्याकाळी त्याच खोलीत दोघं एकाच ताटलीतले शेंगदाणे खात बसायचे, दोन टोकांना.

पहिलं कडं आमच्याच विहिरीवर बसवलं. फजिती झाली. दोन चाकं गच्च अडकली, एका बाईचा पोहरा मधेच लटकून राहिला, आणि जिच्या वाट्याला ते चाक आलं तिनं अण्णांच्या सात पिढ्या काढल्या. अण्णा पळत जाऊन ग्रीस घेऊन आले. पण एक गोष्ट सगळ्यांनी बघितली. पाणी सुटलं तेव्हा पाइप कडीत आवळलेला होता. आतून जोर आला, पाइप थरथरला, जागचा हलला नाही. मुक्ता कुबडीवर उभी राहून त्या कडीकडंच बघत होती. अण्णा तिच्याकडं बघत नव्हते. तेही कडीकडंच बघत होते.

"उद्यापासून हॉर्न वाजवा," मुक्ता म्हणाली. "वस्तीवरच्या बायांना कळाया नगं?"

दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजला. लिंबापासून विहिरीपर्यंत. माझ्या बायकोच्या हातातलं लाटणं पडलं आणि ती हसायला लागली.

मग बाकीची गावं मागायला लागली. केजकडची दोन-तीन, मग चकलांब्याकडून कुणीतरी बघायला आलं. कुठं ग्रामपंचायतीनं घेतलं, कुठं सोसायटीनं, कुठं लोकांनी वर्गणी काढून. कुणी श्रीमंत झालं नाही. पण महादेव पुढच्या दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला नाही. खोलीत पाकळ्या घासायला बसू लागला. अण्णांनी टँकर सोडला. कड्याला लोक अण्णांचं कडं म्हणायचे. ते ऐकलं की अण्णा दर वेळी चिडून दुरुस्त करायचे, "गटाचं कडं म्हणा." मुक्ता म्हणायची, "म्हणू द्या की. शिव्या बी तुमालाच बसतील."

पुढं पाऊस झाला. चांगला झाला, लागोपाठ झाला. माजलगावचं धरण भरलं, आमची विहीर काठोकाठ आली. गावोगावची कडी विहिरींवरून काढून ठेवली गेली. गट दरवाजे, गव्हाणी, खिडक्यांचे गज बनवू लागला. मी मुलाकडं बीडला राहायला गेलो. वाडीला जाणं लग्नाकार्यापुरतं उरलं.

अण्णांना शेवटचं भेटलो ते असंच एका लग्नाला गेलो तेव्हा. जुलै संपत आलेला, आभाळ पुसून काढल्यासारखं निळं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. मी सोसायटीच्या खोलीत गेलो. मुक्ता स्टुलावर बसून गेटाचे जोड भरत होती. अण्णा फार थकले होते, पण उभे होते, कानाला फोन लावून. गेवराईकडच्या एका गावाचा फोन होता. विहीर आटली, टँकर सुरू झाला, कडं पाहिजे. अण्णांचा चेहरा खुलला. त्यांनी मापं विचारली, पाकळ्या किती लागतील ते तिथल्या तिथं सांगितलं, "उद्याच आणतो" म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून हसले. मग ते हसू हळूहळू उतरलं.

खाली बसले. म्हणाले, "सचिव, बघितलं ना तुमी? मला आनंद झाला."

"मग होणारच की अण्णा."

"तिकडं पाणी न्हाई म्हणून इथं मला आनंद झाला. रोज सकाळी उठून आभाळ बघतो मी. ढग न्हाई दिसला का मनात येतंय, यंदा कड्यांना गिऱ्हाईक येईल. आणि मग लाज वाटती. एक पाप फेडाय गेलो, हे दुसरंच निघालं. हे कुठल्या मापात बसवू?"

मुक्तानं डोळ्यांवरची काच वर केली. "आमी काय आभाळ बांधून ठिवलंय का? पाऊस न्हाई पडला तर बाया विहिरीवर जाणारच. कडं असलं तरी जाणार, नसलं तरी जाणार." मग काच खाली घेतली आणि म्हणाली, "लाज वाटू द्या. लाज वाटणाऱ्या माणसानं घट्ट केलेली कडी मला जास्ती भरवशाची वाटती." आणि ठिणग्या उडवायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बीडच्या गाडीची वाट बघत फाट्यावर उभा होतो. गटाचा टेम्पो आला. पुढं ड्रायव्हरशेजारी मुक्ता, मांडीवर डबा. मागं पाकळ्या एकावर एक रचून दोरानं बांधलेल्या, आणि त्यांच्या मधे पोत्यावर अण्णा. पाकळ्या घट्ट बांधलेल्या असूनही त्यांनी दोन्ही हातांनी एक धरून ठेवली होती. मी हात केला. टेम्पो थांबला नाही, नुसता सावकाश झाला.

पश्चिमेकडं, अगदी खाली, ढगांची एक काळपट रेघ दिसत होती. मला ती दिसली तशी अण्णांनाही दिसली. ते उठून गुडघ्यावर बसले आणि तिकडं हात करून मला ओरडून म्हणाले, "सचिव! वाटंत पाऊस लागला तर माघारी आणतो बरं का हे सगळं! तसंच माघारी आणतो!"

पुढून मुक्ताचा आवाज आला, "अण्णा, खाली बसा! पडताल!"

ते बसले नाहीत. वळणावर टेम्पो दिसेनासा होईपर्यंत ते तसेच गुडघ्यांवर, एक हात लोखंडावर ठेवून, त्या रेघेकडं बघत होते.